मेळघाटात मुक्कामी जायचंय?

सहलीची तयारी म्हणजे नुसता चिवडा-लाडू नव्हे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. मानोऱ्यात दुपारी घाम येतो म्हणून एका डिसेंबरात मी यादीत स्वेटर लिहिलाच नाही. रात्री चौथीतला एक पोरगा माझ्या शालीत कुडकुडत बसला. चूक माझीच! म्हणून आधी स्वेटर, कानटोपी, टॉर्च लिहा.

मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे; वाट्टेल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी, मुक्कामाची जागा आधीच ठरवा. आत बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून परतीचा दिवस-वेळ कागदावर लिहून घरी द्या. आणि हो, परतवाड्यापुढे घाट लागतो. ज्याला गाडी लागते, त्याला पुढे बसवा.