निळी प्रत परत आली का?

प्रश्न : भोसरीत माझा प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. गाळ नेणारी गाडी ठरलेली आहे. तरीही नोंदी मलाच ठेवाव्या लागतात का?

उत्तर : हो, तुम्हालाच. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार कचरा ज्याच्याकडे तयार होतो, जबाबदारी त्याची. गाडी फाटकाबाहेर गेल्याने ती संपत नाही. किती गाळ निघाला, किती साठवला, कुणाला दिला, हे नमुना 3 मध्ये लिहा, तेही त्याच दिवशी. महिनाअखेरीस आठवून भरलेली वही तपासणीत लगेच ओळखू येते. साठवणुकीची मुदत साधारणपणे 90 दिवस, आणि पिंपावर नमुना 8 चे लेबल हवेच.

खरी गोम नमुना 10 मध्ये, म्हणजे मॅनिफेस्टमध्ये आहे. त्याच्या सात रंगीत प्रतींपैकी पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन तुम्ही ठेवायची. निळी, माल मिळाल्याच्या सहीसह, विल्हेवाट केंद्राकडून तुमच्याकडे परत यायची. बरेच उद्योजक पिवळीवरच थांबतात. निळी आली नाही तर तुमचा गाळ ओढ्यात गेला की केंद्रात, हे तुम्ही कशावर सांगणार? पाठपुरावा करा, दोन्हींवरचे वजन ताडून पाहा. वार्षिक विवरण, नमुना 4, 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. त्यातले आकडे याच कागदांशी जुळले पाहिजेत.