औषध, झडप आणि छातीतील जळजळ

विहिरीत सोडलेल्या पंपाच्या नळाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. मलकापूरच्या शेतकऱ्यांच्या मुलांना तो परिचित आहे. तो पाणी वर जाऊ देतो, परत उतरू देत नाही. आपल्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकालाही अशीच एकमार्गी झडप आहे. मात्र ती स्नायूची बनलेली आहे आणि तिची दिशा उलट आहे : अन्न खाली जाऊ द्यायचे, जठरातील आम्ल वर येऊ द्यायचे नाही.

घास उतरताना हा स्नायू सैल पडतो; एरवी तो बहुतेक वेळ आवळलेला असतो. तेथील दाब जठरातील दाबापेक्षा साधारण १० ते ३० मिलिमीटर पारा इतका अधिक असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून २० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. हा दाब फार उतरला, की आम्ल वर चढते व छातीत जळजळ होते.

आता डायझेपाम हे औषध पाहू. ते १९६३ साली बाजारात आले. न थांबणारी फिट थांबवण्यासाठी ते देतात. ते मज्जासंस्था शांत करते आणि स्नायू सैल करते. अन्ननलिकेत दाबमापक नळी सोडून केलेल्या काही प्रयोगांत, या औषधानंतर झडपेचा दाब उतरलेला आढळला. पुढे २००५ साली अमेरिकेत १५ हजारांहून अधिक लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. झोपेत होणारी जळजळ आणि डायझेपामच्या गटातील औषधे यांचा संबंध तीत दिसला. फिटवरची इतर औषधे या गटात येतातच असे नाही.

पण संबंध म्हणजे कारण नव्हे. जळजळीने झोप मोडते, आणि झोप येत नाही म्हणूनही माणूस या गटातील गोळी घेतो. तसे असेल तर जळजळ हे कारण व गोळी हा परिणाम! म्हणूनच पाहणीला मोजमापाची जोड लागते.

हे वाचून कोणी फिटचे औषध स्वतःहून बंद करू नये. ते एकाएकी थांबवल्यास फिट पुन्हा येऊन जिवावर बेतू शकते. जळजळ होत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

रात्री जळजळ होणाऱ्यांना पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करण्यास सांगतात. का बरे? गुरुत्वाकर्षणाच्या आधारे उत्तर शोधा.