आल्पुहारातील घर, पाणी आणि शेजार : एक अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैलांच्या झुंजी, फ्लामेंको नृत्य आणि कोलंबसाची गलबते उभी राहतात. परंतु या देशाच्या दक्षिण भागात डोंगरउतारावर वसलेली अशी काही खेडी आहेत, की ज्यांचा अभ्यास केला असता माणूस एखाद्या गावाचा केव्हा होतो, या प्रश्नाचा विचार करण्यास चांगले साधन मिळते. इतिहास व भूगोल हे विषय शिकत असताना या खेड्यांविषयी जे वाचनात आले, ते सहाध्यायी मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे शिकण्यासाठी व पोटासाठी माणसे बाहेर पडली की मागे गावाचे काय होते, हा प्रश्न माझ्यापुरता केवळ परीक्षेतला नाही.

भूमी आणि माणसे

ग्रानादा प्रांतात सिएरा नेवादा ही पर्वतराजी आहे. तिचे मुलासेन हे शिखर सुमारे ३४७९ मीटर उंच असून स्पेनच्या मुख्य भूमीवर त्याहून उंच शिखर नाही. या पर्वताच्या दक्षिण उताराला आल्पुहारा म्हणतात. तेथील पोकेइरा नदीच्या दरीत पांपानेइरा, बुबियोन व कापिलेइरा ही तीन गावे एकाच्या वर एक अशी वसली आहेत. सर्वांत वरचे कापिलेइरा समुद्रसपाटीपासून १४०० मीटरहून अधिक उंचीवर आहे.

येथील घरे पाहिली तर आपल्याकडील धाब्याच्या घरांची आठवण यावी. जाड दगडी भिंती, त्यांवर चेस्टनट वृक्षाच्या तुळया, वर फरशा किंवा बोरू, आणि त्यावर ‘लाउना’ नावाच्या करड्या चिकणमातीचा थर. छप्पर सपाट असल्याने त्यावर मिरच्या, अंजिरे वाळत घालता येतात. गल्लीवरून एका घराची खोली दुसऱ्या घराला टेकलेली असते. खालून जाणाऱ्या त्या झाकलेल्या वाटेला ‘तिनाओ’ म्हणतात. अशीच सपाट छपरांची घरे समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या डोंगरांत आढळतात, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

१४९२ साली ग्रानादाचे मुसलमानी राज्य लयास गेले. पुढे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या तेथील लोकांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. त्यांची भाषा, पोशाख व चालीरीती यांवर बंदी येताच १५६८ साली त्यांनी याच डोंगरात बंड केले. १५७१ पर्यंत ते मोडून काढण्यात आले व मोरिस्कोंना येथून हाकलून देण्यात आले. दुसऱ्या फिलिप राजाने त्यांची जप्त केलेली घरे व जमिनी उत्तरेकडून आणलेल्या कुटुंबांना वाटून दिल्या. नवागतांना पाण्याचे पाट कसे चालवावेत हे शिकवण्यासाठी प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबे ठेवून घेतली होती, असे तेथे परंपरेने सांगतात. राजाज्ञेने घर देता आले, पण पाण्याचे ज्ञान जुन्या रहिवाशाकडूनच घ्यावे लागले, हा या कथेतील अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. शब्दही मागे राहिले. तेथे नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात. तो मुळात अरबी ‘अल् काझी’, म्हणजे आपल्या मराठीतलाच काजी!

घरे रिकामी का झाली?

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दुसरे स्थलांतर घडले. या वेळी कोणी हाकलले नाही. गरिबीनेच ते काम केले. उतारावरच्या लहान लहान वाफ्यांत यंत्र चालत नव्हते आणि पिकावर पोट भरत नव्हते. तरुण मंडळी बार्सिलोनाच्या कारखान्यांत, जर्मनी-फ्रान्समध्ये, आणि नंतर शेजारच्या आल्मेरिया प्रांतात समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या प्लास्टिकच्या हरितगृहांत कामाला गेली. गावात म्हातारी माणसे राहिली, आणि काही वर्षांनी दारांना कुलपे लागली. अशा ओस पडत चाललेल्या अंतर्भागाला आज स्पॅनिश लोक ‘रिकामा केलेला स्पेन’ असे म्हणतात. ३१ मार्च २०१९ रोजी त्यांनी आपली दाद मागण्यासाठी माद्रिदमध्ये मोठा मोर्चा काढला होता.

याच रिकाम्या घरांकडे उत्तर युरोपातील लोक वळले. त्यांच्या आधी, १९२० साली, जेराल्ड ब्रेनन हा इंग्रज लेखक येहेन या गावी पुस्तकांच्या पेट्या घेऊन आला व भाड्याच्या घरात राहिला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या खेड्याचे जीवन बारकाईने चित्रित झाले आहे. १९८८ साली क्रिस स्टुअर्ट याने ओर्हिवाजवळ, रस्ता व वीज नसलेली वाडी विकत घेतली. त्याचे १९९९ मधील पुस्तक अतिशय खपले आणि अनेकांना त्या डोंगराची ओढ लागली.

घर आणि कागद

असे घर विकत घेणे वरकरणी सोपे दिसते. परकीय माणसाला प्रथम आपला ओळखक्रमांक काढावा लागतो. त्यानंतर मालमत्ता-नोंदणी कार्यालयातून ‘नोता सिंप्ले’ हा उतारा घ्यायचा. त्यात मालक कोण व घरावर बोजा आहे काय, हे कळते. ‘कातास्त्रो’ हे दप्तर वेगळे असून ते प्रामुख्याने करआकारणीसाठी आहे. आपला सातबारा जसा मुळात महसुलाचा कागद, तसेच हे समजावे. दोन्ही दप्तरांतील क्षेत्रफळ जुळेलच असे नाही. कारण मालकीची नोंदणी तेथे सामान्यतः ऐच्छिक आहे व जुनी घरे कित्येकदा तोंडी वाटणीनेच हातोहात गेलेली असतात.

व्यवहार ठरला की इसार द्यावयाचा. तो बहुधा किमतीच्या दहा टक्के असतो. तेथील नागरी संहितेच्या १४५४ व्या कलमाप्रमाणे असा इसार ठरला असेल, तर घेणारा मागे फिरल्यास त्याचा इसार बुडतो आणि विकणारा मागे फिरल्यास त्याला दुप्पट परत करावा लागतो. शेवटी नोटरीपुढे खरेदीखत होते. जुन्या घरासाठी आंदालुसिया प्रदेशात सर्वसाधारणपणे किमतीच्या सात टक्के हस्तांतरण कर भरावा लागतो.

खरी अडचण वारसांची असते. घरमालक निवर्तलेला, एक मुलगा बार्सिलोनात, मुलगी जर्मनीत, भाचा आल्मेरियात. त्या कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, त्यामुळे सर्वांच्या सह्या लागतात. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची जी घाई चालते, तिच्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मला लक्षात ठेवण्यासारखी वाटली. शिवाय शेजाऱ्याचाही हक्क आहे. एक हेक्टरपर्यंतची शेतजमीन बाहेरच्याला विकली गेली, तर लगतचा जमीनमालक ठराविक मुदतीत तेवढीच किंमत देऊन ती आपल्याकडे घेऊ शकतो.

घर घेतले म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला, असेही नाही. पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या युरोपीय संघाबाहेरील व्यक्तीला निवासाची सवलत देण्याची तरतूद २०१३ साली झाली होती. ती एप्रिल २०२५ मध्ये रद्द करण्यात आली.

पाणी आणि शेजार

कागद पुरे झाले तरी गाव अजून दूरच असते. उन्हाळ्यात येथे पाऊस जवळजवळ नसतो. सारी मदार पर्वतावरील बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी ‘आसेकिया’ या पाटांतून आणतात. हा शब्दही अरबीच. काही पाट फार उंचावर असून ते वसंतात वितळलेले पाणी मुद्दाम डोंगरात जिरवतात. तेच पाणी पुढे उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून बाहेर येते. म्हणजे डोंगर हाच त्यांचा हौद!

१९८५ च्या जलकायद्याने पाणी सार्वजनिक मालकीचे ठरले आहे. त्याचे वाटप पाणी वापरणाऱ्यांचा संघ करतो, पाटकरी नेमतो व पाळ्या लावतो. पाळी मध्यरात्री आली तरी खोरे घेऊन उभे राहावे लागते. दरवर्षी पाट साफ करण्यासाठी प्रत्येकाने श्रम अथवा पैसा द्यायचा असतो. जो नवागत या कामाला येतो त्याला गाव ओळखू लागते. जो केवळ उन्हाळ्याचे दोन महिने येऊन राहतो, त्याच्या घराला रंग नवा असला तरी हिवाळ्यात खिडकी बंदच. त्याची मुले गावच्या शाळेत नसतात आणि पाट फुटला तर तो धावत नाही. शिवाय बाहेरची मागणी वाढली की किंमत चढते, आणि परतू पाहणाऱ्या गावच्याच तरुणाला स्वतःच्या गल्लीत घर परवडत नाही. दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की, नवे कुटुंब आले नाही तर लाउनाचे छप्पर एक-दोन पावसाळ्यांत गळते आणि पुढे भिंतही बसते. म्हणून परका चांगला की वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे. तो पाळीला उभा राहतो की नाही, हा खरा प्रश्न होय.

२०१४ साली कान्यार या गावी ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकाराने गावकरी व स्वयंसेवकांनी मिळून बुजलेला जुना पाट मोकळा केला व त्यातून पुन्हा पाणी वाहिले. त्यानंतर अशी कामे इतर गावांतही झाली. विद्या घेण्यासाठी गाव सोडावे लागते, हे आमच्यासारख्यांच्या नशिबी आहेच. परंतु विद्यापीठ हातात खोरे घेऊन डोंगरावर चढू शकते, हे या उदाहरणाने दाखवून दिले आहे. घर खरेदीखताने मिळते; गाव मात्र दरवर्षी पाट उपसूनच मिळवावे लागते, मग माणूस तेथे जन्मलेला असो वा बाहेरून आलेला, एवढेच माझ्या अल्पमतीला या अभ्यासातून उमगले.