घरी बनविलेला सी.एन.सी. राउटर : सुट्या भागांची व साहित्याची निवड

आपल्या शाळेच्या कार्यशाळेतील सी.एन.सी. राउटर पाहून पालक हमखास विचारतात, हे यंत्र विकत आणले की येथेच बनविले? येथेच बनविले असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला : यात मोटर कोणती बसविली? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आमच्या अनुभवाने तो अगदी शेवटी विचारायचा प्रश्न आहे. पहिल्या यंत्राच्या वेळी आम्हीही मोटरपासूनच आरंभ केला, आणि माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या वर्गणीचा मोठा भाग त्या चुकीत खर्ची पडला. प्रस्तुत लेख हा त्या वर्गणीच्या हिशेबाचाच एक भाग समजावा.

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाच्या आज्ञेनुसार लांबी, रुंदी व खोली अशा तीन दिशांनी सरकत, वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड, प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियम कोरणारे हे यंत्र. असली यंत्रे शाळेच्या आवाक्यातील असू शकतात, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि हाताने काम करीत शिकण्याची पद्धत ग्रामीण मुलांसाठी रुजविली. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, एम.आय.टी.च्या बाहेरील अगदी आरंभीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. आम्हांला धीर आला तो या उदाहरणामुळे.

आमच्या पहिल्या यंत्राचा सांगाडा अठरा मिलिमीटर जाडीच्या एम.डी.एफ.चा होता. तो स्वस्त, सपाट, आणि साध्या करवतीने कापता येणारा. सरकत्या भागासाठी सोळा मिलिमीटर व्यासाच्या दोन पोलादी दांड्या, केवळ टोकांना आधार दिलेल्या, नव्वद सेंटिमीटर लांबीच्या. मे महिन्यात यंत्र चालू झाले तेव्हा मुलींनी कोरलेली पहिली अक्षरे पाहून आम्ही पेढे वाटले. जुलै उजाडला आणि पुण्याच्या पावसाळी हवेने एम.डी.एफ. फुगले. सांगाडा गुण्यात राहिला नाही. वर्तुळ कोरावे तर ते लंबगोल उतरे. प्रवेशद्वाराच्या पाटीवर कडेची अक्षरे तीन मिलिमीटर खोल, तर मधली चारांहून अधिक खोल गेली. सागवानाची ती फळी वाया गेली. हा दोष मात्र पावसाचा नव्हता.

तो दोष दांड्यांचा होता, आणि गणिताने तो आधीच कळला असता. टोकांवर टेकलेल्या अशा दोन दांड्यांच्या मध्यभागी दहा किलो भार आला तर त्या मिलिमीटरहून किंचित अधिक वाकतात. लांबी निम्मी केली तर वाक एक अष्टमांश होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. व्यास बारावरून सोळा केला तर ताठपणा तिपटीहून अधिक वाढतो. दहावीच्या विद्यार्थ्यांना हे फळ्यावर मांडून दाखविले तेव्हा एका मुलाने विचारले, “मग सर, दांडीला खालून सगळीकडे आधारच का देत नाही?” हेच उत्तर होते. खालून सलग आधार असलेल्या, चौकोनी छेदाच्या रेल आणि त्यांवर धावणारे बेअरिंगचे ठोकळे हेच या कामाला योग्य. नवे महाग पडतात. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात वा भोसरीच्या भंगारवाल्यांकडे मोडीत निघालेल्या यंत्रांचे भाग कधी कधी मिळतात. तेथे ठोकळा रेलवर हाताने सरकवून पाहावा. तो कुठे अडखळला, खडखडला अथवा आडवा हलला तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून यावे. रेल व ठोकळे एकाच जोडीचे असावेत, हेही पाहावे.

सांगाड्यासाठी दुसऱ्या खेपेस आम्ही लोखंडी चौकोनी पाइप निवडला. ॲल्युमिनियमचे तयार खाचांचे प्रोफाइल दिसायला देखणे आणि जोडायला सोपे. पण त्याच मापाचे ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे तिप्पट वाकते. ज्यांच्याकडे वेल्डिंगची सोय नाही त्यांनी ते अवश्य घ्यावे, मात्र छेद मोठा घ्यावा. लोखंडाची खोड निराळी : वेल्डिंग करताना ते ओढ घेते. म्हणून आधी सगळीकडे टाके मारावेत, कर्ण मोजावेत, आणि मगच समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने सांधे भरावेत. तरीही रेलची बैठक वेल्डिंगनंतर मिलिंग करून घ्यावी लागली. तो खर्च आम्हांला जड वाटला. आज वाटत नाही.

स्क्रूविषयी आग्रह एवढाच की त्यात नटाचा खेळ, म्हणजे कारागिरांच्या भाषेत प्ले, असू नये. सोळा मिलिमीटर व्यासाचा, एका फेऱ्यात पाच मिलिमीटर सरकविणारा बॉल स्क्रू आम्ही घेतला. स्टेपर मोटर एका फेऱ्यात दोनशे पावले टाकते. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे आठ भाग केले की एका मिलिमीटरला तीनशे वीस स्पंदने येतात. कागदावर ही सूक्ष्मता मिलिमीटरच्या तीन सहस्रांश एवढी भरते. पहिल्या यंत्राच्या वेळी आम्ही अशाच आकड्यांवर भुललो होतो, आणि त्या वेळी दांडी मात्र पूर्ण मिलिमीटर वाकत होती!

मोटर, ड्रायव्हर व नियंत्रक यांबद्दल फार लिहीत नाही. सत्तावन्न मिलिमीटर चेहऱ्याच्या नेमा तेवीस मोटरी, आणि आर्डुइनो उनोवर चालणारी जीआरबीएल ही मुक्त प्रणाली, एवढ्याने शाळेचे काम भागते. सुटे भाग बुधवार पेठेत मिळाले. कोरण्यासाठी सुताराचा लहान हातराउटरच बसविला. मोठा स्पिंडल आज ना उद्या लागेल, परंतु हलक्या सांगाड्यावर जड स्पिंडल म्हणजे पुन्हा पहिलीच चूक.

जेथे मुले काम करतात तेथे काही गोष्टींत काटकसर नको. आणीबाणीच्या लाल बटणाची तार तुटली तरी यंत्र बंदच पडेल अशी जोडणी असावी, आणि त्या बटणाने राउटरचाही वीजपुरवठा तुटावा. आमच्या पहिल्या जोडणीत केवळ मोटरी थांबत, पाते फिरतच राही. सांगाड्याला अर्थिंग हवे. एम.डी.एफ.ची धूळ बारीक असते व तिच्यात रेझिन असते. मास्क व धूळ ओढणारे यंत्र यांशिवाय ते कोरू नये. धूळयंत्र अद्याप आमच्याकडे नाही, म्हणून सध्या आम्ही एम.डी.एफ. कोरतच नाही.

पाटी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा कोरली. सर्व अक्षरांची खोली तीन मिलिमीटर भरली, एका कोपऱ्यातील दोन अक्षरे सोडून. तेथे रेल अजून किंचित उतरती असावी. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या कारखान्यात डायल गेज असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत येताना तो एक दिवसासाठी आणावा.