चीर देण्याआधी तुकडा तपासा

लेकीचं दूध तोडून वर्ष उलटलं होतं, तेव्हा डाव्या स्तनात गाठ लागली. लाल, गरम, ठणकणारी. सासूबाई म्हणाल्या, "दूध साचलं असंल." लातूरच्या एका खासगी दवाखान्यात गळू समजून चीर दिली. ती भरत आली की शेजारी नवं तोंड फुटायचं. पुन्हा चीर, पुन्हा अँटिबायोटिक. ब्लाउजच्या आत गॉजच्या घड्या घालून मी शाळेत शिकवायला जायचे. निघालेला पू दर वेळी बादलीत. तपासायला कुणी पाठवलाच नाही.

माहेरी नांदेडला गेले तेव्हा तिथल्या सर्जनबाईंनी सोनोग्राफी पाहून जाड सुईनं तुकडे काढले आणि दोन बाटल्यांत टाकले. एकीत फॉर्मलिन, दुसरीत सलाइन. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्या तुकड्याचं कल्चर होत नाही, म्हणजे जंतू वाढवून पाहता येत नाहीत. सगळेच तुकडे त्यात गेले की गाठ टीबीची आहे का, हा प्रश्न लोंबकळत राहतो. बायप्सीला जाताना दुसरी बाटली मागा, हे मी भेटेल त्या बाईला सांगते. सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. कॅन्सरची शंका फिटते तीच मुळी या तपासणीनं.

माझा आजार निघाला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, स्तनाचा एक प्रकारचा दाह. बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होणारा, वारंवार चिरल्यानं चिघळणारा. १९७२ साली वेगळा म्हणून नोंदला गेला, तरी तो चटकन न सुचणारे डॉक्टर भेटतात. पंचाईत अशी की सूक्ष्मदर्शकाखाली टीबीही बराचसा असाच दिसतो आणि उपचार मात्र उलटे. माझ्या आजारात बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड घेतलं तर तो भडकतो. उलट टीबी नसताना अंदाजानं एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली, तर महिनोन्‌महिने गोळ्या फुकट पोटात जातात. स्तनातल्या टीबीत जंतू थोडे असतात, म्हणून टीबीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली तरी कल्चरची सहा-आठ आठवडे वाट पाहावी. टीबी ठरलाच, तर औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

स्टेरॉइड चालू असताना रक्तातली साखर तपासत राहा, ते एकदम बंद करू नका. या आजारावर मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि त्या काळात गरोदर राहून चालत नाही. दुसरं मत घ्यायचं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, पॅथॉलॉजीकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या.