धाब्यावरील साणे आणि त्याची निगा

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जुन्या गावांत धाब्याची घरे आजही आढळतात. लाकडी तुळया, त्यांवर कड्या व फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी या छपराची रचना असते. उन्हाळ्यात तपमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचणाऱ्या या प्रदेशात मातीच्या थरामुळे घर थंड राहते. मात्र सपाट छपराखाली साठलेली ऊब आणि चुलीचा धूर यांना बाहेर जाण्यास वाट हवी. ती वाट म्हणजे धाब्यातील साणे होय.

तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व साण्यातून निघून जाते. तिची जागा दारा-खिडक्यांतून येणारी ताजी हवा घेते. साणे बुजले की हा प्रवाह खुंटतो. पऱ्हाट्या व गोवऱ्यांचा धूर घरात कोंडतो आणि त्याचा पहिला उपसर्ग चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्याजवळची लहान मुले यांना होतो. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस अनेक घरांत पोचविला. तरीही चूल सर्वत्र विझलेली नाही.

बुजण्याची कारणे

निंबाची पानगळ, पाखरांची घरटी आणि पावसाळ्यात झाकलेला पत्रा पुढे तसाच राहणे, ही प्रमुख कारणे होत. हाच पालापाचोळा पन्हळीत अडकल्यास धाब्यावर पाणी तुंबते, माती भिजून जड होते व तुळया कुजू लागतात.

निगेची पद्धत

आखाजीनंतर व मृग नक्षत्रापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा, अशी वर्षातून दोनदा सफाई करावी. कचरा आत न ढकलता वरून उचलून घ्यावा. साण्याचा काठ मातीने उंच करावा, म्हणजे पाणी आत उतरत नाही. तोंडावर जाळी बसवून वर थोड्या अंतरावर पत्रा ठेवल्यास पाऊस अडतो आणि हवाही खेळती राहते. कुजक्या धाब्यावर वा सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. आधारासाठी फळी टाकावी.

कौलारू शाळांच्या आढ्याजवळील झरोक्यांनाही हाच नियम लागू पडतो. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि शिक्षकांनी आपल्या शाळेच्या छपरापासून प्रारंभ करावा. या कामाला खर्च थोडा लागतो. लाभ मात्र घरातील प्रत्येक श्वासाला होतो.