आधी दुकानदाराला विचारा



उसाचे बिल जमा झाले की त्यातला बराच पैसा पंधरा दिवसांत बाजारपेठेत जातो. खतवाला, वेल्डिंगवाला, मोटार रिवायंडिंगवाला टिकला तर आपली शेती टिकते. ऐन एप्रिलात मोटार जळाली अन् दुरुस्तीला माणूस नाही, तर उभ्या उसाचे काय होते ते तुम्हांला सांगायला नको. या मंडळींना कोणती मदत द्यावी, हे आपण परस्पर ठरवतो. त्यांना विचारीत कोणी नाही.

पुणे शहरात ही विचारपूस फार पूर्वी झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९३३ साली पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे सगळ्या शहराची पाहणी करून तिचा आर्थिक भाग १९४५ साली छापला. हातमाग, तांब्यापितळेचे काम, विड्या वळणे असे लहान धंदेही त्यांनी सोडले नाहीत. १९५४ साली संस्थेने शहराची फेरपाहणी केली. हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याआधी १९४८ साली गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणीही त्यांनी छापली होती. आधी मोजणी, मग योजना!

पुण्यात १९३४ साली आ. रा. भट यांच्या पुढाकाराने मराठा चेंबर निघाले, व्यापारी-कारखानदारांना बोलायला जागा झाली. पण एक भाता अन् एक ऐरण असलेला माणूस सभेला येत नाही, आला तरी बोलत नाही. त्याच्याकडे आपणच गेले पाहिजे, आणि तेही बाजाराचा दिवस सोडून.

"धंदा कसा काय?" असे विचारले तर "बरा आहे" एवढेच उत्तर मिळते. ऊस नोंदीतही आपण "अंदाजे दोन एकर" ऐकून घेत नाही, टेप लावतो. तसे इथे विचारावे: गेल्या महिन्यात किती मोटारी आल्या? किती उधारीवर गेल्या? ती उधारी कधी वसूल होते? तांब्याची तार रोखीने आणता की व्याजाने पैसे काढून? आपण जीएसटीवाले नाही, हे मात्र पहिल्याच वाक्यात सांगावे. नाहीतर सगळे आकडे निम्म्यावर येतात.

हंगामाआधी आम्ही शेतकी विभागाची माणसे अशी दुकाने फिरणार आहोत. जमा झालेले आकडे गटऑफिसच्या फळ्यावर लावू, नावे लावणार नाही.